सातवा मजला बंद आहे

मी लिफ्ट मेकॅनिक होतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. "दोर तुटला तर हो?" चौतीस वर्षं नोकरी केली, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लिफ्ट पालथ्या घातल्या, पण तुटलेला दोर काही मला बघायला मिळाला नाही. लिफ्टला चार-पाच जाडजूड दोर असतात, ते इतक्या सहजी तुटत नाहीत. तुटतो तो आतल्या माणसाचा धीर. ठाण्यात एक गृहस्थ तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकले होते. मी दार उघडेपर्यंत त्यांनी बायकोला मोठ्या आवाजात शेवटच्या सूचना दिल्या, आणि धाकट्या मेव्हण्याला घरात पाऊल ठेवू देऊ नकोस म्हणून बजावलं. मेव्हणा माझ्याच शेजारी उभा राहून मला टॉर्च दाखवत होता.

मांजरांबद्दल मात्र मला कधी कोणी विचारलं नाही. खरं तर या धंद्यात माणसांखालोखाल माझा संबंध आला तो मांजरांशी. त्याचं कारण समजण्यासाठी लिफ्ट थोडी समजून घ्यावी लागेल.

विहिरीवर कप्पी असते आणि दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या, तसंच हे. एका टोकाला माणसं उभी राहतात तो डबा, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं भलंमोठं वजन. डबा वर गेला की वजन खाली, डबा खाली आला की वजन वर. तळमजल्याच्याही खाली साडेचार फुटांचा खड्डा असतो, त्याला आम्ही पिट म्हणतो. डबा अगदी शेवटच्या मजल्यावर पोचला की हे वजन पिटच्या जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबतं. ही वीत ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर हा पिट म्हणजे मांजरीच्या दृष्टीने उत्तम प्रसूतिगृह. कोरडा, काळोखा, कुत्रा येत नाही, पोरं येत नाहीत. जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टला चॅनलचं जाळीदार दार असतं, त्याच्या फटीतून मांजर आरामात आत उतरतं. महिन्यातून एकदा पिट साफ करायला उतरलं की कधीतरी दोन हिरवे डोळे आपल्याकडे बघत असतात.

अशी पहिली मांजर मला विठ्ठलवाडीला भेटली. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. बरोबरचे सीनियर म्हणाले, "पिट साफ कर." मी केला. तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली. खोक्यात घातली आणि गेटबाहेर नेऊन ठेवली. आई तेव्हा कुठे बाहेर गेली होती. प्रत्येक लिफ्टची एक वही असते. काय बिघडलं, काय काम केलं हे त्यात मेकॅनिकने लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात ग्राहकाने सही करायची. मी वहीत लिहिलं, "पिट साफ केला." खाली सही घेतली आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याच बिल्डिंगमधून तक्रार. लिफ्टमधून आवाज येतो. मांजर परत पिटमध्ये येऊन पिल्लांना हाका मारत होती. लिफ्टची विहीर म्हणजे भोंगाच असतो, खालचा बारीक आवाजही सगळ्या मजल्यांवर ऐकू जातो. मी गेलो तेव्हा ती पळालीसुद्धा नाही. खोकं पाहिलं, तर रिकामं. तीन दिवस ती ओरडत होती. नंतर थांबली, आणि लोकांनी मला लिफ्ट दुरुस्त झाल्याचं कळवलं. मला फार वाईट वाटलं. ते वाटणं पुढे कधी गेलं नाही.

त्यानंतर मी पिटमधलं मांजर उचललं नाही. दूध ठेवायचं, काम लांबवायचं, पिल्लं चालायला लागली की आई आपणहून घेऊन जाते. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरी माझी बायको सुनंदा माझ्या शर्टाचा वास घेऊन आज कोणत्या बिल्डिंगमध्ये बाळंतपण आहे ते विचारायची. मांजरींचे ओरखडे, त्यापायी घेतलेली इंजेक्शनं आणि हे टोमणे, एवढं बक्षीस मला नियमित मिळत गेलं. बाकी वहीच्या बाबतीत मी कडक. दळवीच्या वहीत खोटं सापडायचं नाही, असं ऑफिसात बोललं जायचं आणि ते ऐकायला मला आवडायचं.

ही कडक वही मोडली ती रिटायर व्हायच्या चार वर्षं आधी, डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या आतल्या एका सात मजली सोसायटीत.

सेक्रेटरी पाटणकरांचा फोन आला. "दळवी, लिफ्ट रडतेय."

"रडतेय म्हणजे?"

"म्हणजे लहान बाळासारखी. सहाव्या मजल्यावाल्यांनी मशीन रूममध्ये नारळ फोडला. तरी रडतेय."

गेलो. पिटमध्ये उतरलो. तिरंगी मांजर, चार पिल्लं, आणि झोपायला जागा निवडलेली ती बरोब्बर त्या लोखंडी वजनाच्या खाली. तिथे वजनाभोवती जाळी असायला हवी, ती खालून गंजून गळाली होती. डबा सातव्या मजल्यावर गेला की ते वजन वीतभर अंतरावर येणार. पिल्लं वीतभर जागेत मावत होती, पण आई उठून उभी राहिली की संपलंच. आत्तापर्यंत ती वाचली कशी हे देवाला ठाऊक.

मी खोकं आणलं, पिल्लं त्यात घालून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. आईने माझ्या मनगटावर चार रेघा ओढल्या आणि माझ्यादेखत एकेक पिल्लू मानेला धरून परत वजनाखाली नेलं. तीनदा मी हलवली, तीनदा तिने परत नेली. चौथ्यांदा मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पिटमधून वर आलो.

पाटणकरांना सांगायची सोय नव्हती. पाटणकर माणूस वाईट नव्हे, पण मांजरांच्या बाबतीत त्यांचा ठराव झालेला होता. गोणीत घालायची आणि एमआयडीसीच्या मागे सोडून यायची. मागच्या वर्षी दोन गेलेल्या. म्हणून मी म्हणालो, "स्प्रिंगला ग्रीस नाही, त्याचा आवाज आहे. आणि वर सातव्याचा स्विच गेलाय. पार्ट मागवावा लागेल."

हिशेब सरळ होता. लिफ्ट सहाव्यापर्यंतच गेली तर वजन पिल्लांच्या डोक्यावर दहा फूट उंच थांबतं. नवीन जाळी यायला दहा-बारा दिवस. तोवर सातवा बंद. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन सातव्याची वायर काढून ठेवली, लिफ्टपाशी 'सातव्याचा स्वीच खराब' असा बोर्ड लावला, वहीत लिहिलं, "सातवा मजला बंद. स्विच खराब. पार्ट मागवला आहे," आणि पाटणकरांची सही घेतली. चौतीस वर्षांतली ती एकमेव खोटी नोंद. पाटणकरांनी चष्मासुद्धा न लावता सही केली.

सहा मजल्यांवरच्या कोणाचीही काही तक्रार नव्हती. सातव्यावर दोन घरं. एकाला कुलूप, मालक परदेशात. दुसऱ्यात लिमये बाई. वय पंच्याहत्तरीला टेकलेलं, एकट्या, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. अर्धी सोसायटी त्यांच्या हाताखालून गेलेली, पाटणकर धरून. आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चार पिल्लांच्या जिवाचा सगळा भार मी बरोबर त्या दोन गुडघ्यांवर टाकला होता.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं.

"दळवी, मला रोज संध्याकाळी पाचला खाली जावं लागतं."

"बाई, काय आणायचं ते सांगा ना, मी आणून देतो."

"ते तुम्हाला सांगण्याचं कारण नाही. स्विच कधी येईल?"

"पार्ट बाहेरून यायचाय बाई."

"कुठून? चंद्रावरून?"

हे म्हणताना त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी शाळेत असताना या बाई मला नव्हत्या, हे माझं नशीब.

तेव्हापासून त्या रोज एक मजला कठड्याला धरून उतरायच्या, सहाव्यावर लिफ्ट घ्यायच्या, आणि तासाभराने तसंच परत चढायच्या. अठरा पायऱ्या. उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस. मी मधल्या वळणावर त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि स्विचच्या निमित्ताने रोज पाचच्या सुमाराला तिथे हजर राहू लागलो. काय करणार, लाजच वाटत होती. त्या खुर्चीत बसून दम खायच्या आणि मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरून ठेवायच्या. पिशवीत स्टीलचा डबा.

पाचव्या दिवशी मी हात द्यायला वाकलो आणि मला वास आला. मी मालवणकडचा माणूस. नाक माझं एका बाबतीत कधीच चुकत नाही. डब्यात भाजलेली सुकट होती.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती चपात्या लाटत होती, लाटणं थांबलं. "लिमये बाईंच्या डब्यात सुकट? अहो, त्या लसूण आणतात तोसुद्धा औषध म्हणून. उद्या डॉक्टरला नाक दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या मागून गेलो. हे काही बरं नव्हे, पण गेलो. बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या पंपाची खोली आहे. तिच्या आडोशाला बाई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या होत्या, नाकाला रुमाल बांधलेला, आणि वर्गात हाक मारावी तसं म्हणत होत्या, "इंदू. इंदू, इकडे ये. घाई नको. नीट चावून खा."

इंदू म्हणजे माझी पिटमधली बाई. मनगटावरच्या रेघा अजून ताज्या होत्या, ओळख पटायला वेळ लागला नाही.

बाईंनी मला पाहिलं. पळून जाण्यात अर्थ नव्हता, दोघांच्याही.

"तीन वर्षं झाली," त्या रुमाल सोडत म्हणाल्या. "मला तो वास अजिबात सहन होत नाही. खिडक्या उघड्या टाकून भाजते. बाजारात शेजारणीसाठी नेते म्हणून सांगते. पाटणकरला कळलं तर हिला गोणीत घालेल. तुम्ही बोलणार नाही ना?"

"नाही बाई."

"तर मग एक काम करा. ही व्याली आहे. आठवडाभर दुप्पट खातेय. पिल्लं कुठे ठेवलीत ते कळत नाही, मला काही झोप येत नाही. तुम्हाला या बिल्डिंगचा कोपरान् कोपरा ठाऊक. तेवढी शोधून द्या."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सगळं सांगितलं. पिट, वजन, वीत, काढलेली वायर, खोटा स्विच. दार उघडं राहिलं की लिफ्ट जागची हलत नाही, तेवढी एक खात्रीची युक्ती, पण पूर्ण लिफ्ट बंद ठेवली असती तर पाटणकरांनी तासाभरात दुसरा मेकॅनिक आणला असता, हेही सांगितलं. विठ्ठलवाडीचंही सांगितलं, का कोण जाणे. ते मी सुनंदालाही कधी बोललो नव्हतो.

बाईंनी डब्यातली उरलेली सुकट इंदूपुढे ओतली. मग म्हणाल्या, "म्हणजे हिच्या बाळंतपणाला माझे गुडघे लागले."

"चुकलं बाई. उद्या वायर जोडतो, दुसरं काहीतरी बघू."

"जोडाल तर याद राखा." डब्याचं झाकण लावून त्या उठायला लागल्या. "आणि तुमच्या बोर्डावर स्विच दीर्घ काढलाय, तो आधी ऱ्हस्व करा. येता-जाता त्रास होतो."

इथवर सगळं झकास चाललं होतं. घोटाळा केला तो पाटणकरांच्या सद्बुद्धीने. बाईंची पंच्याहत्तरी येत होती. सोसायटीतल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला, आणि बाईंना सातव्यापासून थेट तळमजल्यावरच्या हॉलपर्यंत फुलांनी सजवलेल्या लिफ्टमधून आणायचं, असंही ठरवलं. आमच्या कंपनीचा पार्ट काही येत नाही असं बघून पाटणकरांनी गुपचूप दुसऱ्या कंपनीचा मेकॅनिक बोलावला. बाईंना सरप्राइज.

सत्काराच्या दिवशी दुपारी मी ठाण्यात एका टॉवरच्या गच्चीवर होतो. फोन वाजला.

"दळवी, मी लिमये. एक माणूस माझ्या दारावरून गच्चीत गेलाय. म्हणाला, आजी, पाच मिनिटांत सातवा चालू करतो."

मी पाना पिशवीत टाकून जिन्याकडे निघालो. वायर जोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जोडली की तो पहिली फेरी सातव्यापर्यंत मारून बघणार, कोणीही बघेल. आणि दुपारी इंदू पिल्लांना पाजत बसलेली असते.

"बाई, त्याला थांबवा."

"तो गेला वर. लिफ्ट सहाव्याला उभी आहे. दार उघडं असलं की हलत नाही म्हणालात ना तुम्ही?"

"हो, पण तुम्ही..."

फोन बंद झाला.

मी ठाण्याहून डोंबिवलीला पोचेपर्यंत सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात काय झालं ते मला नंतर अनेकांनी अनेक प्रकारे सांगितलं. बाई त्या अठरा पायऱ्या कठड्याला न धरता उतरल्या. वळणावरची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी जाता-जाता उचलली. सहाव्यावर लिफ्टचं दार उघडलं, खुर्ची बरोबर उंबऱ्यावर ठेवली, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि तीत बसल्या. वर मशीन रूममध्ये तो मेकॅनिक बटणं दाबून थकला. वायर जोडलेली, मशीन ठीक, लिफ्ट ढिम्म.

पाटणकर लाल सिल्कचा झब्बा घालून धावत आले. "बाई, उठा ना. सातवा चालू झालाय. तुमच्यासाठीच केलाय."

"मी उठणार नाही."

"पण का?"

"ते दळवी आले की सांगतील."

"बाई, खाली सगळे थांबलेत. शाल आहे, श्रीफळ आहे, भाषणं आहेत."

"मग इथेच करा. मला कुठे घाई आहे?"

मी सहा मजले चढून वर पोचलो तेव्हा सत्कार रंगात आला होता. जिन्यावर खालपर्यंत माणसं बसली होती. झेंडूच्या माळांनी सजवलेल्या लिफ्टच्या दारात बाई अंगावर शाल घेऊन बसलेल्या, मांडीवर नारळ, आणि पाटणकर घामाघूम होऊन भाषण वाचत होते. "बाईंचे ऋण आम्ही कधीच..."

"हळू वाच पाटणकर. पूर्वीसारखाच धावतोस." मग मी दिसलो. "दळवी, वायर."

मी गच्चीत गेलो. त्या मेकॅनिकला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तो बिचारा बाजूला झाला. वायर काढली, खाली आलो. "काढली बाई."

"आता उठते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना उठता येईना. उजवा गुडघा तिथल्या तिथे टम्म सुजला होता. एवढा वेळ त्या तोंडावरची रेघ न हलवता बसल्या होत्या.

मग मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. पाटणकरांचा चेहरा झब्ब्याच्या रंगाचा झाला. "मांजर? दहा दिवस तुम्ही मला मांजरासाठी फसवलंत? मी तुमच्या कंपनीला कळवतो."

"जरूर कळवा," मी म्हणालो.

"कळव," बाई म्हणाल्या. "पण आधी खाली जाऊन बघून ये. न बघता उत्तर लिहायची तुझी सवय जुनी आहे."

चार माजी विद्यार्थ्यांनी बाईंना खुर्चीसकट उचललं आणि वरात तळमजल्यावर आली. मी लिफ्ट सहाव्यावरच बंद ठेवून तळमजल्याचं दार उघडलं. पाटणकर गुडघे टेकून मोबाईलच्या उजेडात खाली वाकले. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. चौघांतल्या सगळ्यात लहान्याने, जो माझ्या मुठीत मावला असता, पाटणकरांकडे बघून पाठ फुगवली आणि फिस्स केलं.

पाटणकरांनी मोबाईलचा उजेड विझवला. उठून झब्ब्याचे गुडघे झटकले. "जाळी कधी येतेय?"

"तीन दिवस."

"तोपर्यंत सातवा बंद ठेवा." आणि मग, "बाईंना आम्ही उचलून नेऊ."

नेलं. तीन दिवस दोन वेळा. बाई खुर्चीत ताठ बसून, कोणाचा खांदा खाली जातोय ते सांगायच्या. जाळी आली, पिल्लं आणि आई एकदम बाजूला केली, जाळी ठोकली, वायर जोडली. पुढे दोन पिल्लं सोसायटीतच राहिली, एक पाटणकरांच्या मुलीने नेलं. पाटणकर अजूनही ते तात्पुरतं आहे असं म्हणतात. चौथं, ते फिस्स करणारं, आमच्या कोपरच्या घरी आलं. सुनंदा त्याला पार्ट म्हणते. बाहेरून मागवलेला. इंदूचं नंतर रीतसर ऑपरेशन करून घेतलं.

गुडघ्याचं मात्र जे व्हायचं ते झालं. बाई त्यानंतर एकट्या कधी खाली उतरल्या नाहीत. त्या म्हणतात, "तो गुडघा माझ्याआधीच रिटायर झाला होता." मला ते पटत नाही. इंदूला कोणीतरी रोज पाचला सातव्यावर लिफ्टने पोचवतं, बहुतेक वेळा पाटणकर.

रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी मी त्या लिफ्टची जुनी वही घेऊन बाईंकडे गेलो. ते पान दाखवलं. "हे एवढं खोडून जातो म्हटलं."

"खोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "खोटं लिहिलं असेल तर ते तसंच ठेवायचं आणि खाली खरं लिहायचं. म्हणजे दोन्ही दिसतं."

मी लिहिलं, "स्विच खराब नव्हता. पिटमध्ये मांजर व्याली होती. चार पिल्लं. सर्व सुखरूप." बाईंनी टेबलावरचं लाल पेन उचललं आणि ग्राहकाच्या रकान्यात सही केली. मला एवढं मोठं बक्षीस नोकरीत दुसरं मिळालं नाही. मग पेन माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "आणि विठ्ठलवाडीचं?"

विठ्ठलवाडीची ती बिल्डिंग पाडून आता तिथे टॉवर झालाय. वही केव्हाच रद्दीत गेली. लिहायला पान उरलं नाही, म्हणून ही जागा मागून घेतली.

पिट साफ केला नव्हता. तीन पिल्लं होती, डोळे न उघडलेली. ती मी गेटबाहेर नेऊन ठेवली. त्यांची आई तीन दिवस त्यांना शोधत होती. लिफ्टमध्ये कोणताही बिघाड नव्हता.

मेकॅनिकची सही खाली आहे. ग्राहकाचा रकाना रिकामा सोडला आहे.